मालवणहून आलेल्या चार नळ्या

मंगळवारी दुपारी चार वाजता मालवणच्या पेशंटचा निकाल हाती आला. त्याच्या रक्तातल्या पेशींनी विषाणूला आवर घातला नव्हता. जिथे शंभर पेशींना लागण होऊ शकत होती, तिथे सत्त्याण्णव पेशींना झाली होती.

पेशंटचे नाव सदानंद तांडेल. वय सेहेचाळीस, राहणार देवबाग, व्यवसाय मासेमारी. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नाव इथे बदलले आहे. दहा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांचे किडनी ट्रान्सप्लांट झाले होते. किडनी त्यांच्या पत्नीने, शुभांगी तांडेल यांनी, दिली होती. शुभांगी मालवणच्या बाजारात मासळी विकतात आणि काही मासळी रोज बाहेरगावी पाठवतात.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. विषाणू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी हा आमचा विषय. तांडेल यांच्या बाबतीत प्रश्न सीएमव्ही या विषाणूचा होता. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो. थोडा ताप येतो, जातो, कोणाच्या लक्षातही राहत नाही. विषाणू मात्र शरीरात कायमचा राहतो. त्याला दाबून ठेवण्याचे काम टी पेशी करतात. टी पेशी हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. लागण झालेली पेशी शोधून ती मारायची, हे त्यांच्यातल्या काहींचे काम.

ट्रान्सप्लांटनंतर या टी पेशी अडचणीच्या ठरतात. त्या नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठतात. म्हणून त्यांना शांत ठेवणारे औषध रोज घ्यावे लागते. पेशी शांत झाल्या की विषाणू डोके वर काढतो. मग विषाणूचे वेगळे औषध. तांडेल ही दोन्ही औषधे घेत होते. दोन्हींचा एकत्र परिणाम म्हणून त्यांच्या पांढऱ्या पेशी दर आठवड्याला उतरत होत्या. डॉक्टरांनी त्यांना समुद्रावर जायला मनाई केली होती. त्यांची होडी पावसाळ्याआधी वर ओढली होती, ती जानेवारी आला तरी माडांखालीच होती.

दोनपैकी एक औषध कमी करणे भाग होते. विषाणूचे थांबवायचे, तर तांडेल यांच्या टी पेशी त्याला एकट्याने सांभाळतील याची खात्री हवी होती. तशी खात्री नसेल, तर किडनी सांभाळणारे औषध कमी करायचे आणि किडनी टिकते का ते पाहायचे. कोल्हापूरचे डॉक्टर मगदूम हे ठरवण्याआधी आमच्या आकड्याची वाट पाहत होते.

नेहमीच्या तपासण्या किती टी पेशी विषाणूला ओळखतात ते सांगतात. त्या विषाणूला प्रत्यक्ष किती आवरतात हे त्यातून कळत नाही. आमची तपासणी ते मोजते. पेशंटच्या दंडाच्या आतल्या बाजूने तिळाएवढी कातडी काढतात. ती आम्ही बाटलीत वाढवतो. टी पेशी स्वतःच्याच शरीरातली लागण नीट ओळखतात, म्हणून कातडी त्याच माणसाची लागते. विषाणूत असा बदल केलेला असतो, की लागण झालेली पेशी मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकते. एका खणात कातडीच्या पेशी आणि विषाणू ठेवायचे. शेजारच्या खणात तेच, आणि वर पेशंटच्या ताज्या रक्तातल्या टी पेशी. सात दिवसांनी दोन्हीकडच्या हिरव्या पेशी मोजायच्या. पहिल्या खणात शंभर हिरव्या असतील आणि दुसऱ्यात चाळीस, तर टी पेशींनी साठ वाचवल्या.

तांडेल यांच्या पेशींनी तीन वाचवल्या होत्या.

निकाल खरा आहे का हे पाहण्यासाठी तीन पडताळण्या, म्हणजे कंट्रोल, असतात. पहिली, पेशी जिवंत होत्या का? शंभरात एक्क्याण्णव जिवंत होत्या. दुसरी, विषाणू आणि बाकीचे साहित्य ठीक होते का? त्याच दिवशी आमच्या एका स्वयंसेवकाच्या रक्तावर हीच तपासणी केली होती आणि ती उत्तम आली होती. तिसरी, पेशी काम करण्याच्या स्थितीत होत्या का? त्यासाठी कुठलीही टी पेशी जागी होईल असे एक द्रव्य त्यांना देतात आणि प्रतिसाद मोजतात. एक रेषा ठरलेली आहे. तिच्या वर गेले की पास. तांडेल यांच्या पेशी रेषेच्या किंचित वर होत्या. मी पास लिहिले.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणतो. त्यांनी कागद पाहिला.

"कंट्रोल पास?"

"पास."

"मग प्रश्न नाही. कळवा त्यांना."

सव्वापाच वाजता मी डॉ. मगदूम यांना फोन केला.

"सत्त्याण्णव म्हणजे शून्यच धरायचं," ते म्हणाले.

"हो."

"ठीक आहे. गुरुवारी बोलावलंय त्यांना. किडनीचं औषध अर्ध्यावर आणतो."

"किडनीला धोका किती?"

"आहे धोका. बायकोची किडनी आहे, दुसरी देणारं घरात कोणी नाही. पण पांढऱ्या पेशी अशाच उतरत राहिल्या तर साध्या खोकल्यानं माणूस जाईल. त्यांच्या पेशी काही करत नाहीत म्हटल्यावर मला दुसरा रस्ता राहत नाही."

बुधवारी सकाळी लेखी रिपोर्ट तयार करायला घेतला. त्यासाठी आधीच्या मंगळवारची, म्हणजे रक्त आले त्या दिवसाची, वही उघडली. रक्त यंत्रात गरगर फिरवले की त्याचे थर होतात. तळाशी लाल पेशी जातात आणि वरच्या भागात पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ थर येतो. तो थर आम्ही उचलतो. वहीत माझ्या अक्षरात नोंद होती: "थर किंचित लालसर."

थर लालसर होण्याची कारणे थोडी आहेत. रक्त फार वेळ पडून राहिले असेल, फार गरम झाले असेल, किंवा फार थंड. टी पेशींची ही तपासणी करायची तर रक्त खोलीच्या तापमानाला राहावे लागते. गार झालेल्या पेशी मरतीलच असे नाही. मोजल्या तर जिवंत दिसतात. काम मात्र करत नाहीत.

रक्तासोबत आलेला फॉर्म काढला. तांडेल यांना कोल्हापूरची फेरी वारंवार झेपत नव्हती, म्हणून रक्त मालवणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढले होते. चार नळ्या. काढल्याची वेळ सोमवारी संध्याकाळी सहा. आमच्याकडे पोचल्याची वेळ मंगळवारी सकाळी नऊ दहा. पंधरा तास, मर्यादेच्या आत. बर्फ: नाही. वाहन: गाडी. खाली लॅबच्या टेक्निशियनची सही होती, महेश.

मी महेशला फोन लावला.

"रक्त फ्रिजमध्ये ठेवलं होतं का? थोडा वेळ तरी?"

"नाही मॅडम. काढलं, कापसात गुंडाळलं, थर्माकोलच्या डब्यात घालून टेप मारली. तुम्ही शिकवलंत तसंच."

"गाडी कुठली?"

"नेहमीची. रोज संध्याकाळी सुटते, सकाळी पुण्यात. कधी चुकत नाही."

मला वाटले, बस. मालवणहून पुण्याला रोज बस येतात. पुढे विचारले नाही. पण तापमान मोजणारे यंत्र त्या डब्यात नव्हते. आमच्याकडचे एकुलते एक यंत्र त्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेले होते. रस्त्यात काय झाले हे सांगणारा पुरावा नव्हता.

साडेदहाला मी सरांच्या खोलीत गेले.

"तांडेलांचा निकाल मागे घ्यायचा आहे."

"कशावरून?"

"थर लालसर होता. आणि कंट्रोल रेषेला टेकून पास झालाय."

"टेकून का होईना, वर आहे ना? रेषा तुम्हीच आखली होतीत."

"हो. पण आपल्या स्वयंसेवकाचं रक्त खालच्या मजल्यावरून आलं. तांडेलांचं पंधरा तास रस्त्यावर होतं. मी या दोघांची तुलना केली."

सरांनी वही मागितली, ती ओळ वाचली.

"हे त्याच दिवशी लिहिलंत, तेव्हा काही वाटलं नाही?"

"नाही. सवयीनं लिहिलं."

"डॉक्टरांना तुम्हीच सांगा. आणि आजच सांगा, उद्या ते डोस बदलतील."

डॉ. मगदूम ओपीडीत होते.

"काल शून्य म्हणालात," ते म्हणाले.

"हो."

"आज?"

"आज माहीत नाही म्हणते."

"माहीत नाही याचं मी काय करू? औषधाच्या चिठ्ठीवर लिहू?"

"मला नवीन रक्त हवंय. मी स्वतः मालवणला जाते. उद्या सकाळी काढून उद्याच पुण्यात आणते. पुढच्या गुरुवारी निकाल देते."

मागे नर्स कोणाचे तरी नाव पुकारत होती.

"तुमचा गुरुवार, माझा शुक्रवार," ते म्हणाले. "आठवडाभर दोन्ही औषधं आहेत तशी चालू ठेवतो. ताप आला तर तेवढंही थांबणार नाही. आणि शुक्रवारी तुमचा आकडा आला नाही तर डोस खाली."

दुपारी लॅबची गाडी घेऊन ड्रायव्हर आणि मी निघालो. कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली, मालवण. वाटेत महेशला फोन करून एकच गोष्ट सांगितली. त्या सोमवारी जे जे ज्या क्रमाने केले, ते सगळे उद्या सकाळी तसेच करायचे. कोणी काही सुधारायचे नाही. मी फक्त पाहणार. या वेळी नळ्या मात्र चारऐवजी पाच.

गुरुवारी सकाळी साडेसहाला लॅब उघडली. पावणेसातला तांडेल दांपत्य रिक्षाने आले. सदानंद उंच, खांद्यात रुंद, पण शर्ट अंगावर सैल झालेला. तोंडावर मास्क होता. शुभांगी बाजाराच्या तयारीनेच आल्या होत्या. माझी ओळख करून दिल्यावर सदानंद म्हणाले, "म्हणजे माझी कातडी तुमच्याकडे असते."

"हो. चांगली वाढतेय."

ते बायकोकडे वळले. "आयकलंस गो? माझी कातडी पुण्याक रवता, आणि भाडा देणा नाय."

"आणि माझी किडनी देवबागात रवता," शुभांगी म्हणाल्या. "ती खंय भाडा देता? गप बसा आणि हात पुढे करा."

महेशने रक्त काढले. पाच नळ्या, हिरव्या झाकणांच्या. प्रत्येक नळी हलकेच उलटसुलट केली, नाव लावले, वेळ लिहिली. चार नळ्या कापसात गुंडाळल्या आणि थर्माकोलच्या छोट्या डब्यात घातल्या. पाचवी मी बाजूला ठेवायला सांगितली. सूचनांचा कागद आणि फॉर्म डब्यात नळ्यांवर ठेवून त्याने टेप मारली. इथपर्यंत चूक काढण्यासारखे काही नव्हते.

मग त्याने डबा शुभांगींच्या हातात दिला.

"यांच्याकडे का?" मी विचारले.

"गाडीवर त्याच नेतात मॅडम."

"बसवर?"

"बसवर नाही. मासळीच्या टेम्पोवर."

मालवणहून रोज संध्याकाळी मासळीचे टेम्पो बाहेरगावी सुटतात. बसला उशीर झाला तर माणसे थांबतात. मासळी थांबत नाही, म्हणून हे टेम्पो वेळेवर पोचतात. पुण्याला वेळेत काही पोचवायचे असेल, तर या किनाऱ्यावरचा माणूस त्यांचाच विचार करतो. शुभांगींची मासळी त्यातल्याच एकातून जाते.

तोवर शुभांगी रिक्षाकडे जाऊन आल्या होत्या. त्यांनी एक मोठा थर्माकोलचा डबा आणून टेबलाशेजारी ठेवला आणि झाकण काढले. आत फोडलेला बर्फ होता.

"हे काय?" मी विचारले.

"बर्फ. आज तुमची गाडी आहे म्हणाला महेश. तुमच्या गाडीत बर्फ नसणार, म्हणून फॅक्टरीतून आणला. आताच फोडून घेतलाय."

"त्या सोमवारीही घातला होता?"

"ह्याच्यापेक्षा जास्त." त्या ऑफिसची मराठी सोडून मालवणीत बोलू लागल्या. "खाली एक थर, मधी तुमचो डबो, वर एक थर. कोल्हापुराक टेम्पो थांबता. थंय पाणी काढून नवीन बर्फ भरूक सांगलेलंय. ड्रायव्हर आमचोच आसा, तेणा भरल्यान."

"पण आमच्याकडे डबा कोरडा आला."

"पुण्याक माझो भाव आसा, प्रकाश. मासळी तोच उतरून घेता. तेणा तुमचो डबो काढल्यान, धुतल्यान, पुसल्यान आणि मगे दिल्यान. मीच सांगलेलंय तेका. लॅबवाल्यांका वास येता नये."

महेश उभा होता, तो स्टुलावर बसला.

"वहिनी, माका कित्या नाय सांगलास?"

"तू कधी इचारलंस?"

"बर्फ नको म्हणून कागदावर लिहिलेला होता."

"कागद तू डब्यात घालून टेप मारतंस. मी काय टेप काढून वाचू? आणि रे, बर्फाशिवाय पुण्याक कोण काय पाठवता?"

बाजारात पंचवीस वर्षे मासळी विकणाऱ्या बाईने नवऱ्याचे रक्त तिला माहीत असलेल्या सर्वांत चांगल्या पद्धतीने पाठवले होते. मी त्यांना सांगितले, की रक्तातल्या या पेशी आम्हाला नुसत्या टिकलेल्या चालत नाहीत. त्या चालत्याफिरत्या पोचाव्या लागतात. पुण्यात पोचल्यावर त्यांना काम करायचे असते.

शुभांगींनी डब्याकडे पाहिले. "म्हणजे जित्यो होयेत?"

"हो, जिवंत."

"कुर्ल्यांसारख्यो?"

कुर्ल्या म्हणजे खेकडे. मी हो म्हणाले.

"मगे तसा सांगूक होया होता," त्या म्हणाल्या. "कुर्ल्यांका मी कधी बर्फ घालणय नाय. बर्फात कुर्ली मरणा नाय, पण सुस्त पडता. गिऱ्हाईक हात लावता आणि मेली म्हणान परत देता. कुर्ल्यो ओल्या पोत्यात घालून सावलीत ठेवतत. ह्या देवबागातला बारका पोर पण सांगतला."

"मासो मेल्यार बर्फात घालतत," सदानंद म्हणाले. "तू माका जिताच घातलंस."

शुभांगी हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "ह्येंचा औषध आज कमी करणार होते. किडनीचा. ता ह्याच्यासाठी? मी बर्फ घातलंय म्हणान?"

"बर्फामुळेच निकाल तसा आला का, हे अजून माहीत नाही. पण कारण तेच असलं, तरी चूक माझी. फॉर्मवर ‘गाडी’ एवढंच लिहिलं होतं. कुठली, हे मी विचारलं नाही."

"पण घातलेलंय मी."

महेश सिरिंजचे कव्हर कचऱ्याच्या डब्यात टाकून आला.

मी पाचवी नळी उचलली. ही नळी बर्फात न्यायची, असे मी त्यांना सांगितले. चार नळ्या बर्फाशिवाय, एक बर्फात. रक्त त्याच माणसाचे, त्याच वेळी काढलेले, त्याच गाडीतून जाणारे. चार नळ्या चांगल्या निघाल्या आणि ही एक वाईट, तर दोष बर्फाचा होता हे सिद्ध होईल. पाचही वाईट निघाल्या, तर पहिला निकाल खरा होता.

"पाचही वाईट निघाल्यो तर औषध कमी करतले," शुभांगी म्हणाल्या.

"हो."

"आणि माझी किडनी जायत."

"जाईलच असं नाही. धोका वाढेल."

त्यांनी हात पुढे केला. "द्या ती नळी. बर्फ मीच घालतंय. त्या दिसा घातलेलंय तसोच."

त्यांनी नळी कापसात गुंडाळली, वेगळ्या छोट्या डब्यात ठेवली, टेप मारली. मोठ्या डब्यात खाली बर्फाचा थर दाबून बसवला, मध्ये छोटा डबा, वर दुसरा थर. कडेच्या फटीतही बर्फ भरला. काम दोन मिनिटांत झाले. सदानंद बाजूला उभे राहून पाहत होते. "कोल्हापुराक पाणी काढूक इसरा नको," त्या मला म्हणाल्या.

सव्वासातला आम्ही निघालो. चार नळ्यांचा डबा माझ्या मांडीवर, त्यात एक साधा थर्मामीटर. गाडीतला एसी चोवीसवर. दर तासाला तापमान लिहिले. ते तेवीस आणि पंचवीसच्या मध्ये राहिले. कोल्हापूरला पोचलो तोच शुभांगींचा फोन आला.

"पाणी काढलास?"

"काढतेय."

"बर्फ खंयसून घेतलास?"

"मासळी बाजारातून."

"फोडलेलो घेवा. लादी नको."

चार वीसला पुण्यात पोचलो. पाच वाजता दोन्ही डब्यांतले रक्त यंत्रात फिरवले. चार नळ्यांतला थर पांढरा होता. पाचव्या नळीतला लालसर होता. जिवंत पेशींचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. संध्याकाळी सहा पन्नासला कातडी, विषाणू आणि टी पेशी एकत्र केल्या आणि प्लेट ठेवून दिली. प्लेट म्हणजे छोट्या खणांची प्लास्टिकची ताटली. त्यानंतर सात दिवस करण्यासारखे काही नसते.

त्या सात दिवसांत शुभांगींचे दोन फोन आले. एकदा त्यांनी विचारले, मधेच झाकण काढून बघता येत नाही का. येत नाही, असे सांगितले. दुसऱ्यांदा काही विचारले नाही. ताप आलेला नाही, जेवण ठीक आहे, एवढे सांगून फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता प्लेट काढली. मोजणी मी आणि एका सहकाऱ्याने स्वतंत्रपणे केली. कुठला खण कुठल्या नळीचा हे सहकाऱ्याला माहीत नव्हते. बर्फाशिवाय आलेल्या रक्ताच्या खणांत शंभराऐवजी अडतीस हिरव्या पेशी होत्या. बर्फात आलेल्या रक्ताच्या खणांत पंच्याण्णव होत्या. बर्फातल्या पेशींना जागे करणारे द्रव्य दिले होते, त्याचा प्रतिसाद मोजला. तो या वेळीही रेषेच्या किंचित वर होता. पास.

सर थांबलेले होते. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले.

"या रेषेनं आतापर्यंत किती जण पास केले असतील?"

"बाहेरगावच्या सगळ्यांची यादी काढतेय. पुन्हा तपासावे लागतील."

"काढा. रेषाही वर न्या."

डॉ. मगदूम यांना फोन केला.

"अडतीस," मी म्हणाले.

"म्हणजे पेशी आवरतात."

"आवरतात. बासष्ट वाचवल्या."

"हे तरी नक्की? की उद्या पुन्हा माहीत नाही?"

"या वेळी डबा सगळा वेळ माझ्यासमोर होता. आणि गेल्या वेळी काय झालं तेही कळलंय."

मी बर्फाची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मला वाटलं असतं, बर्फात ठेवलं ते बरंच केलं."

शुक्रवारी त्यांनी विषाणूचे औषध थांबवले. किडनीचे औषध होते तसेच ठेवले. दर आठवड्याला विषाणूची रक्ततपासणी सुरू केली. दुसऱ्या आठवड्यात विषाणू थोडा वाढलेला दिसला. डॉ. मगदूम यांनी औषध पुन्हा सुरू केले नाही, पण तपासणी आठवड्यातून दोनदा केली. तिसऱ्या आठवड्यात विषाणू खाली आला. पाचव्या आठवड्यात मोजता येण्याच्या पातळीखाली गेला. पांढऱ्या पेशी चौथ्या आठवड्यापासून वाढू लागल्या. किडनीचे काम दाखवणारा आकडा या सगळ्या काळात बदलला नाही.

आमच्या यादीत बाहेरगावचे अकरा पेशंट निघाले. सगळ्यांचे रक्त पुन्हा मागवले. दोघांचे आधीचे निकाल चुकीचे होते. त्यांच्या डॉक्टरांना लेखी कळवले. फॉर्म बदलला. आता त्यात रक्त कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले, प्रत्येकाने ते कशात ठेवले आणि वाटेत काय बदलले, हे विचारलेले असते. सूचनांचा कागद डब्याच्या बाहेर चिकटवतात. महेशने स्वतःच्या लॅबसाठी त्यावर पेनाने एक ओळ वाढवली आहे: "कुर्ल्यांसारखे पाठवावे." ती आम्ही खोडलेली नाही.

एप्रिलमध्ये तांडेल यांचे रक्त ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासायचे होते. ते पुन्हा मासळीच्या टेम्पोने आले, कारण तेच वाहन वेळेवर येते. या वेळी डबा मागे मासळीत नव्हता, पुढे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर होता. शुभांगींचे भाऊ प्रकाश यांनी तो सकाळी पावणेनऊला आणून दिला. डब्याभोवती सुती पंचा गुंडाळलेला होता. आत तापमान मोजणारे यंत्र होते. सर्वांत कमी नोंद बावीस अंश, सर्वांत जास्त सव्वीस. थर पांढरा होता. सात दिवसांनी हिरव्या पेशी शंभराला छत्तीस भरल्या.

निकाल सांगायला सकाळी दहाला फोन केला. शुभांगींनी उचलला. त्या बाजारात होत्या. आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. सदानंद यांच्याशी बोलता येईल का, असे मी विचारले. ते होडी घेऊन गेले होते, डॉक्टरांनी परवानगी दिल्याला चार दिवस झाले होते. आल्यावर सांगते, त्या म्हणाल्या.

दुपारी सव्वा वाजता शुभांगींचा मेसेज आला. होडी देवबागच्या किनाऱ्याला लागली होती.